उन्हाचा हिशेब आहे, पाण्याचा नाही : ‘पाथफाइंडर’मधील लेशी पात्रांचे परीक्षण

कल्पनारम्य भूमिका-खेळांत, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत आपापल्या पात्राची कथा रंगवण्याच्या खेळांत, बोलते-चालते झाड काही नवे नाही; मात्र ते बहुधा गेम मास्टरच्या, म्हणजे कथा चालवणाऱ्याच्या, ताब्यात असते. पात्रांना ते वाटेत भेटते, चार शहाणपणाच्या गोष्टी सांगते किंवा रागावले तर फांदीने झोडपून काढते आणि कथेतून निघून जाते. खेळाडूने पहिल्या लेव्हलपासून स्वतःच झाड व्हावे, झाड म्हणून फासे टाकावेत आणि झाड म्हणूनच म्हातारे व्हावे, अशी सोय मोठ्या खेळांच्या मूळ पुस्तकांत क्वचितच आढळते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अशाच खेळाच्या चौथ्या आवृत्तीत, २०१० च्या ‘प्लेअर्स हँडबुक ३’ मध्ये विल्डन नावाचा वनस्पती-वंश होता, परंतु २०१४ आणि २०२४ च्या दोन्ही हँडबुकांत वनस्पतींना खेळाडूंच्या पंक्तीत पान वाढलेले नाही. तिथे झाडाला जागे करायचे तर ‘अवेकन’ हा पाचव्या पातळीचा मंत्र लागतो, तो म्हणायला आठ तास जातात आणि एक हजार सुवर्णनाण्यांचा अकीक खर्ची पडतो; एवढे करून जागे झालेले झाड पहिले तीस दिवस मंत्र म्हणणाऱ्याच्या भुरळीत राहते. म्हणजे झाड सोबती होते, नायक होत नाही.

पायझो या अमेरिकी प्रकाशन संस्थेने ही उणीव भरून काढली. तिच्या ‘पाथफाइंडर’ या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत लेशी हा वनस्पती-वंश २०१९ मध्ये ‘लॉस्ट ओमेन्स कॅरेक्टर गाइड’ या पुरवणी पुस्तकातून आला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये निघालेल्या ‘प्लेअर कोअर’ या मूळ नियमपुस्तकात मानव, एल्फ, ड्वॉर्फ, ऑर्क इत्यादींच्या बरोबरीने आठ वंशांपैकी एक म्हणून बसला. हे परीक्षण प्रामुख्याने त्या पुस्तकातील लेशींच्या प्रकरणाचे आहे. छत्रपती संभाजीनगरात रविवारी दुपारी जमणाऱ्या आमच्या मंडळीत जालना, परभणी आणि लातूरकडची मुले-मुली आहेत, त्यांतील बहुतेकांच्या घरी शेती आहे आणि त्यांचा गेम मास्टर म्हणून मी हे प्रकरण वाचले व खेळवले आहे. तेव्हा झाडाविषयीचे आमचे प्रश्न पुस्तकाच्या लेखकांनी कल्पिलेल्या प्रश्नांपेक्षा थोडे वेगळे निघाले, तर त्यात नवल नाही.

लेशी म्हणजे निसर्गातील अमर आत्मे, ज्यांना विधी करून वनस्पतीचे किंवा बुरशीचे शरीर दिलेले असते. उंची साधारण तीन फूट, आकार लहान, वेग २५ फूट, वंशाकडून मिळणारे हिट पॉइंट, म्हणजे इजा सोसण्याची ताकद, ८. कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) आणि विस्डम (शहाणपण) वाढते, इंटेलिजन्स (बुद्धी) घटते. ही शेवटची घट आमच्या काहींना टोचली, पण नव्या नियमांनुसार ठरलेली वाढ-घट बाजूला ठेवून कोणत्याही दोन गुणांत वाढ घेता येते, त्यामुळे विद्वान लेशी हवा असेल तर अडत नाही.

खरी गंमत उपजातींत आहे. पुस्तकाने त्यांना हेरिटेज म्हटले आहे आणि त्या नऊ आहेत. पान-लेशी कितीही उंचावरून पडला तरी त्याला इजा होत नाही. मूळ-लेशीला ८ ऐवजी १० हिट पॉइंट मिळतात आणि त्याला ढकलणे किंवा पाडणे अवघड जाते. वेल-लेशी चढण्यात पटाईत असतो. कमळ-लेशी संथ पाण्यावरून चालतो. समुद्रशेवाळाचा लेशी आहे, त्याच्याविषयी आम्हां मंडळींना फारसे सांगण्यासारखे काही सुचले नाही. बुरशी-लेशीला पूर्ण अंधारात दिसते, आणि बुरशी ही वनस्पती नव्हे, हे लक्षात ठेवून लेखकांनी त्याच्यावरचा ‘वनस्पती’ हा शिक्का काढून ‘बुरशी’ असा वेगळा शिक्का दिला आहे; अशी काळजी पाहिली की पुस्तकावरचा विश्वास वाढतो. फळ-लेशी रोज एक फळ धरतो, ते खाणाऱ्याचे आठ बाजूंच्या फाशाइतके हिट पॉइंट भरून येतात आणि लेव्हल वाढेल तसतसे फळ अधिक गुणकारी होते. आमच्या टेबलावर हा लेशी बालाघाटच्या डोंगरातील सीताफळाचा झाला, आणि ‘डोळे उघडल्याशिवाय तोडू नका’ हे त्याचे पालुपद झाले.

भोपळा-लेशीच्या डोक्यात पोकळी असते आणि तीत छोटी वस्तू ठेवता येते. नियम एवढाच आहे, पण तो फार खेळवता येतो. आमच्या गावांकडे विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला वाळका भोपळा बांधत असत. हे ज्याला ठाऊक आहे त्याला भोपळा-लेशी पाण्यात बुडेल, हे पटणारच नाही. पुस्तकात तरंगण्याविषयी काही लिहिलेले नाही. आम्ही पोहण्याच्या फाशावर त्याला दोनाची सूट दिली आणि डोक्यात वस्तू भरलेली असेल तर ती सूट काढून घेतली, कारण भरलेला भोपळा कोणाला तारत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. वनस्पती-पात्राचा पाया म्हणजे त्याचे पोषण, आणि लेशी प्रकरणात त्यासाठी स्वतंत्र नियम आहे. त्यानुसार लेशी आपल्या शरीराच्या जातीप्रमाणे प्रकाशसंश्लेषणाने, मुळांनी क्षार शोषून किंवा कुजलेल्या पदार्थांवर जगतो, त्यामुळे त्याला सहसा अन्नावर पैसे खर्च करावे लागत नाहीत. प्रकाशावर जगणाऱ्याला आठवडाभर ऊन मिळाले नाही तर उपासमार सुरू होते. भुयारात जायचे असेल तर बाटलीबंद ऊन विकत मिळते, पण त्याची किंमत साध्या शिदोरीच्या दहापट, म्हणजे आठवड्याला ४० चांदीची नाणी. नवे पात्र १५ सुवर्णनाणी घेऊन घराबाहेर पडते आणि दहा चांदीच्या नाण्यांचे एक सोन्याचे होते, हे लक्षात घेतले तर एका आठवड्याच्या उन्हावर सुरुवातीच्या गंगाजळीचा चौथाहून अधिक वाटा जातो. हा नियम उत्तम आहे. झाडाला अंधारात नेणे महागात पडते, ही जाणीव तो एका आकड्यात करून देतो, आणि भुयाराच्या तोंडाशी उभे राहून ‘आत किती दिवस लागतील?’ असा प्रश्न लेशी खेळाडू ज्या काकुळतीने विचारतो, ती काकुळती बाकीच्या पात्रांना कधी येत नाही.

परंतु या संपूर्ण नियमात पाण्याचा उल्लेख नाही. क्षार आहेत, ऊन आहे, कुजके पाचट आहे, पाणी नाही. जिथे पाऊस पडतोच, तिथल्या लेखकाच्या डोळ्यांसमोर झाड आणि अंधार हाच पेच उभा राहत असावा. मराठवाड्यात ऊन कोणाला विकत घ्यावे लागत नाही. इथे झाड मरते ते पाण्यावाचून. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते आणि आमच्यातील दोघे तेव्हा शाळकरी वयात घागर घेऊन रांगेत उभे होते. पहिल्याच बैठकीत त्यांतील एकीने विचारले, ‘‘सर, उन्हाची बाटली मिळते, मग पाण्याची किती रुपयाला?’’ पुस्तकात उत्तर सापडत नाही.

विशेष म्हणजे तहानेचे नियम याच खेळात आहेत आणि ते भुकेपेक्षा कितीतरी कडक आहेत. अन्न किंवा पाणी बंद झालेले पात्र लगेच थकते; कॉन्स्टिट्यूशनच्या अंकात एक मिळवून जितके दिवस येतील तितके उलटल्यावर भुकेल्याचे दिवसाला एक हिट पॉइंट इतके नुकसान होते, तर तहानलेल्याचे दर तासाला चार बाजूंच्या फाशाइतके. तहान आधी मारते, हे लेखकांना पुरते ठाऊक आहे. केवळ झाडाचा विचार करताना त्यांनी ते दोन धागे जोडलेले नाहीत.

ही जोडणी आम्ही केली आणि त्यातून लेशी पात्रे खऱ्या अर्थाने उभी राहिली, असे माझे मत आहे. आमच्या कथेचा प्रदेश काल्पनिक असला तरी उन्हाळ्यातल्या मांजरा-तेरणा नद्यांच्या कोरड्या पात्रांसारखा आहे. तिथे लेशीला तहानेचे सर्वसाधारण नियम लागू होतात, पण प्रत्येक जातीला तहानेवरचा आपला उपाय आहे. पळसाचा लेशी पानगळ करू शकतो: पाने झाडून टाकली की तहानेची मुदत दुप्पट होते, मात्र पाने नसल्यामुळे उन्हावर जगता येत नाही आणि उपासमारीची घडी सुरू होते, म्हणजे तहान आणि भूक यांत निवड करावी लागते. फाल्गुनात पानाचा पत्ता नसताना पळस पेटल्यासारखा फुलतो, तेव्हा आमच्या खेळाडूने पानगळीच्याच काळात पात्राचे सौंदर्य आणि मन वळवण्याची शक्ती वाढावी अशी मागणी केली, ती मी आनंदाने मान्य केली. बाभळीचा लेशी मूळ-लेशीच्या नियमांवर बेतला. तो रात्री नदीच्या कोरड्या पात्रात मुळे सोडून खोलवरचे पाणी मिळवतो. परंतु मुळे सोडलेल्या अवस्थेत हल्ला झाला तर ती उपसून घेण्यात लढाईची पहिली फेरी जाते. पाण्यासाठी एका जागी बांधून घेणे आणि सुरक्षिततेसाठी मोकळे राहणे यांतला हा ताण ज्या रात्री दरोडेखोर आले त्या रात्री सर्वांनी अनुभवला, आणि पहाऱ्याच्या पाळ्या लावण्यासारखा एरवी कंटाळवाणा भाग त्या दिवशी सर्वांत गंभीर चर्चेचा झाला.

निवडुंग-लेशी मूळ पुस्तकात आहे. त्याच्या काट्यांनी सहा बाजूंच्या फाशाइतकी इजा होते. लढाईपलीकडे त्याला विशेष काही दिलेले नाही, हे मला अपुरे वाटते, कारण निवडुंगाचे खरे वैशिष्ट्य काट्यांत नसून श्वासात आहे. बांधावरचा फड्या निवडुंग आपली रंध्रे दिवसा मिटून घेतो आणि रात्रीच्या गारव्यात उघडून कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतो. दिवसा त्या साठ्यावर उन्हाच्या मदतीने अन्न तयार करतो, आणि अशा रीतीने पाण्याची वाफ होऊन जाणे टाळतो. यावरून आम्ही ठरवले की, दिवसा विषारी धुराचा सापळा लागला तर निवडुंग-लेशीवर परिणाम होणार नाही, पण रात्री लागला तर दुप्पट होईल. वनस्पतीच्या शरीराचे शास्त्र थोडे जरी माहीत असले तरी असे नियम टेबलावर बसल्या बसल्या सुचतात, आणि ‘हिरव्या रंगाचा बुटका माणूस’ एवढ्यावर पात्र अडकत नाही. या प्रकरणाला अशा माहितीची एक-दोन पाने जोडली असती तर त्याचे मोल पुष्कळ वाढले असते.

प्रकरणाचा सूर मात्र मला मनापासून आवडलेला नाही. चित्रांत लेशी गोंडस आहेत, आणि त्या गोंडसपणाला ‘हार्मलेसली क्यूट’ नावाच्या खास क्षमतेचे नियमबद्ध रूपही दिलेले आहे. लहान मुलांबरोबर खेळताना याचा उपयोग होतो, हे खरे. पण झाड म्हणजे निरुपद्रवी, हिरवे, खेळण्यासारखे काहीतरी ही समजूत त्यामुळे पक्की होते. बाभूळ गोंडस नसते. तिच्या काट्याने सायकलची ट्यूब फाटते आणि तिच्याच लाकडाचे औत होते. आमच्या बाभूळ-लेशीने ती क्षमता घेतली नाही आणि त्याचे काही बिघडले नाही. ‘सीडपॉड’ ही बी फेकून मारण्याची क्षमता, हातापायांच्या वेली लांबवून दूरवर घाव घालण्याची ‘ग्रास्पिंग रीच’, आणि पुढच्या लेव्हलला उन्हात विश्रांती घेऊन जखमा भरून काढण्याची ‘सोलर रिजुव्हेनेशन’ या तिन्ही अधिक कामाच्या आहेत. शेवटची तर आमच्याकडे जरा जास्तच कामाची ठरते. चैत्र-वैशाखात बारा वाजता दहा मिनिटे उघड्यावर बसायला लेशीखेरीज कोण तयार होईल?

मृत्यूबाबतही सावध राहावे लागते. शरीर मेले तरी आत्मा निसर्गात परततो, अशी लेशींची मांडणी असल्यामुळे काही खेळाडू पात्राचा जीव फार स्वस्त समजू लागतात. आमच्या मंडळीत यावर नियम करायची गरज पडली नाही. परतणारा आत्मा त्याच आठवणींसह, त्याच ओळखीने येईल याची कसलीही हमी मी दिली नाही, तेवढे पुरले.

याच खेळात वनस्पती-पात्राचा आणखी एक वंश आहे आणि तो मला लेशीहून अधिक मोलाचा वाटतो. त्यांना घोरन म्हणतात. दुसऱ्या आवृत्तीत ते २०२२ च्या ‘लॉस्ट ओमेन्स इम्पॉसिबल लँड्स’ या पुस्तकातून खेळाडूंना उपलब्ध झाले. गोलारियन या खेळविश्वातील नेक्स आणि गेब या दोन महामांत्रिकांच्या प्रदीर्घ युद्धात शेतजमीन उद्ध्वस्त झाली, तेव्हा नेक्सच्या लोकांची उपासमार टाळण्यासाठी घोरस नावाच्या ड्रुइडने, म्हणजे निसर्गाचे मंत्र जाणणाऱ्याने, एक पीक तयार केले. ते इतके रुचकर निघाले की लोक तुटून पडले. पुढे त्या पिकाला भान आले, वाचा आली, आणि ज्यांनी पेरले त्यांच्यापासूनच जीव वाचवण्याची वेळ त्याच्यावर आली. घोरन बीजातून पुन्हा जन्म घेतात आणि आठवणी बरोबर आणतात, म्हणजे आपल्याला खाल्ले गेल्याचे त्यांना आठवू शकते.

ही कथा मराठवाड्यातील माणसाला समजावून सांगावी लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेहून आलेल्या मिलो ज्वारीच्या भाकरी आणि सुकडी खाल्लेले आजी-आजोबा अजून घरोघरी आहेत. परभणीचे कृषी विद्यापीठही त्याच वर्षी स्थापन झाले. ‘हायब्रीड’ ज्वारीला तोंडावर नावे ठेवत ठेवत तिच्यावर वर्षे काढलेल्या पिढीचे आम्ही नातू आहोत. त्यामुळे परभणीच्या मित्राने घोरन घेतला तेव्हा त्याची पार्श्वभूमी त्याने एका दमात सांगितली: दुष्काळावर उतारा म्हणून प्रयोगशाळेत तयार केलेले, पोटभर पीक देणारे आणि म्हणूनच कोणी कधी आदराने न खाल्लेले वाण. या पात्राने गावकऱ्यांच्या पंगतीत बसून घेतलेला पहिला घास सर्व मंडळी श्वास रोखून पाहत होती. लेशीजवळ स्वतःचे असे दुखणे नसते, ते खेळाडूला शोधावे लागते. घोरन ते जन्मतःच घेऊन येतो.

तरीही नवख्याला मी आधी लेशीच सुचवीन, कारण घोरन खेळण्यासाठी सर्वांची तयारी लागते. आपल्याला खाल्ले जाण्याची भीती वारंवार टेबलावर येत राहिली तर काहींना ती हसण्यावारी न्यावीशी वाटते आणि काहींना नकोशी होते. ही सीमारेषा कुठे आखायची, हे पहिल्या बैठकीआधीच बोलून घ्यावे. आमच्यात ठरले ते असे: हुरड्याच्या दिवसांत खेळ ठेवायचा नाही. यामागचे अधिक खरे कारण हुरडा पार्टीला सगळे शेतावर पळतात हे आहे, ही गोष्ट वेगळी.

दसऱ्याचा प्रसंग मात्र मुद्दाम ठेवला. कथेतील नगरात आपट्याची पाने सोने म्हणून वाटण्याची प्रथा आहे आणि आमच्यातील पान-लेशी नेमका आपट्याचा. सबंध नगर आपली पाने ओरबाडायला निघाले आहे, आणि तेही प्रेमाने, मिठ्या मारत, शुभेच्छा देत. अशा वेळी पळून जावे, रागवावे की आपणहून पाने काढून द्यावीत? खेळाडूने एक पान महापौराच्या हातात ठेवून बदल्यात नगराच्या बारवेवर लेशींचा कायमचा हक्क लिहून घेतला. लढाई न होता मिळालेला हा आमच्या कथेतील सर्वांत मोठा विजय होता, आणि पाण्याचा नियम नसता तर त्या बारवेकडे कोणी वळूनही पाहिले नसते.

खरेदीविषयी थोडे. ‘प्लेअर कोअर’ हे साडेचारशेहून अधिक पानांचे पुस्तक आहे, बांधीव प्रतीची मूळ किंमत साठ डॉलरच्या घरात आहे आणि परदेशातून मागवल्यास टपालखर्च वेगळा. लेशी प्रकरण त्यातील मोजकीच पाने व्यापते, म्हणून केवळ त्यासाठी एवढी रक्कम घालणे मला पटत नाही. ‘आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस’ या संकेतस्थळावर प्रकाशकाच्या संमतीने सर्व नियम विनामूल्य आणि कायदेशीरपणे वाचता येतात, तिथे लेशी आहेत आणि घोरनही आहेत. आधी तिथून दोन-तीन महिने खेळून पाहावे. मंडळी टिकली तर वर्गणी काढून टेबलासाठी एक प्रत घ्यावी, आणि ती पॉकेट आवृत्ती घेतली तरी चालेल, फक्त अक्षर बारीक आहे. मराठीत हे पुस्तक नाही, आणि त्यातील इंग्रजी कथेच्या भागांत अवघड व नियमांच्या भागांत सोपी आहे. दहावीच्या मुलाला नियम कळतात, वर्णने कोणीतरी वाचून सांगावी लागतात. लेशी घेणाऱ्याने पात्राच्या कागदावर कोणती वनस्पती, ती कुठे उगवते आणि तिला पाणी कुठून मिळते, या तीन गोष्टी पहिल्याच दिवशी लिहाव्यात, आणि गेम मास्टरने तिसरी वाचल्याशिवाय पात्र मंजूर करू नये.